हाताला हात

‘सरळ उभी राहा गं!’ हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा ओरडले, तितक्या वेळा देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. मिरजेत मुलींच्या शाळेत मी पी.टी.ची बाई होते. गळ्यात दोरीला अडकवलेली शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि जिभेला हाड नाही. पोक काढून उभी राहिलेली मुलगी दिसली की माझं डोकंच फिरायचं. निवृत्त झाले तरी माझ्या जुन्या मुली रस्त्यात भेटल्या की आपोआप ताठ होतात. त्यात आता आज्या झालेल्या आहेत, एक नगरसेविका आहे आणि एक डॉक्टर आहे. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे या सगळ्या माझ्याच.

आमचे हे, शशिकांत बावडेकर, एस.टी.त कंडक्टर होते. हल्ली गाडीला कंडक्टर नसतो, दारातला कॅमेराच तोंड बघून तिकीट कापतो. पण यांच्या वेळी गच्च भरलेल्या गाडीत, आंबा घाटाच्या वळणांवर, हा माणूस कशालाही न धरता उभा असायचा. एका हातात तिकिटांचं यंत्र, दुसऱ्या हातात सुट्टे. गाडी इकडे कलली की हे अलगद तिकडे कलणार. मी स्पर्धांसाठी मुली घेऊन रत्नागिरीला निघाले होते. ‘बाई, पुढं सरका,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘कुठे सरकू? ड्रायव्हरच्या मांडीवर बसू का?’ झालं, त्या वळणावरच लग्न ठरलं म्हणायचं. तेव्हापासून घरातही मी ‘बाई’च.

गाडीतली घंटीची दोरी एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. घरातही त्यांचं तेच. बाजाराला निघताना ‘डबल बेल, बाई’. मी तोंडाचा पट्टा सुरू केला की जिभेनेच एकदा ‘टिंग’ करायचे. म्हणजे, बाई, आता थांबा.

असा हा माणूस एके दिवशी सकाळी बाथरूममध्ये कोसळला. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी. डावा हात गेला, डावा पाय गेला. वाचा शाबूत राहिली आणि चेष्टेची खोडही. पण तोल गेला, आणि तो असा विचित्र गेला की मी चक्रावूनच गेले. धरून उभं केलं की ते आपल्या चांगल्या उजव्या हाताने जोर लावून स्वतःला डावीकडे, लुळ्या बाजूलाच ढकलायचे. आम्ही सरळ करायला गेलो की घाबरून ओरडायचे, ‘अगं, पाडतेस काय मला!’

पुनर्वसन केंद्रातली डॉक्टर म्हणजे माझी नाझनीन मुजावर. शाळेत खो-खोचा खांब धरून बसायची, आता मेंदूची तज्ज्ञ. मी तिला म्हटलं, ‘नाझनीन, यांना वेड लागलंय का? सरळ केलं की वाकडं होतात.’

‘नाही बाई,’ ती म्हणाली. ‘त्यांच्या मते ते सरळच होतायत.’

मग तिने मला समजावलं. शाळेत मी तिला समजावायचे तसं, न कंटाळता.

‘तुम्ही आम्हाला “सावधान” म्हणून पुतळ्यासारखं उभं करायचा. पण पुतळ्यासारखं कुणीच उभं नसतं. माणूस उभा असतो तेव्हा सतत थोडा पडत असतो आणि सतत स्वतःला सावरत असतो. घोट्यापासून वर सगळं शरीर डुलत असतं, डोळ्याला दिसत नाही इतकंच. मेंदूला खबर देणारे तिघं. डोळे, कानाच्या आतलं तोलाचं इंद्रिय, आणि तळपायाची कातडी व स्नायू. तिघांचं ऐकून मेंदू आतल्या आत गवंड्यासारखा एक ओळंबा सोडतो आणि ठरवतो, हे सरळ. म्हातारपणी तिन्ही खबरे जरा बहिरे होतात, म्हणून म्हातारी माणसं जास्त डुलतात. काकांचे खबरे ठीक आहेत. पण त्यांचा ओळंबाच तिरका लटकतोय.’

‘मग ओळंबा सरळ कसा करायचा?’

‘बोट लावून,’ ती म्हणाली. ‘डोळे मिटून एका पायावर उभ्या राहा बाई. आता नुसतं एक बोट टेबलाला लावा, भार टाकायचा नाही.’

मी लावलं. काय सांगू, डगमगणं तिथल्या तिथे कमी झालं. बोटाने काही आधार दिला नव्हता, नुसती जागा सांगितली होती. आणि टेबलाऐवजी दुसरं माणूस असेल तर आणखी गंमत होते म्हणे. हलकं बोट लागलेली दोन माणसं थोड्या वेळात एका तालात डुलायला लागतात.

मी हसत सुटले. ‘अगं, हे तर आमच्या पूजेतलं आहे! नवरा पूजा करतो, गुरुजी म्हणतात, “बाई, यजमानांच्या हाताला हात लावा.” आपण नुसती बोटं टेकवायची. अर्धं पुण्य आपल्याला.’

‘तेच बाई,’ नाझनीन म्हणाली. ‘फक्त आम्ही त्याचं यंत्र केलंय.’

यंत्राचं नाव जोडकडं. एक कडं त्यांच्या चांगल्या हाताच्या मनगटात, एक माझ्या. दोघांच्याही सपातांत पातळ पट्ट्या, कानामागे एक-एक टिकली. मी उभी असताना माझं शरीर कसं डुलतंय, कसं सावरतंय, ते कडं वाचायचं आणि त्यांच्या मनगटावर बोट लावल्यासारखं हलकं हलकं दाबायचं. कानामागची टिकली अगदी सौम्य वीज सोडून तोच निरोप तोलाच्या इंद्रियाला द्यायची. थोडक्यात काय, त्यांनी माझ्या ओळंब्यावर उभं राहायचं. मी मिरजेत कुठेही असले तरी चालायचं.

‘आणि माझ्याकडे काय येणार?’ मी विचारलं.

‘काकांचं डुलणं. ते यावंच लागतं बाई. एकतर्फी स्पर्श मेंदू ओळखतो आणि सोडून देतो. हात लावल्यावर उत्तर आलं तरच तो माणसाचा हात.’

मला ते फार आवडलं. मी सही ठोकून मोकळी झाले.

महिन्याभरात हे उभे राहिले. आधी पलंगाला धरून, मग काठीवर, मग नुसते. एकच अट होती. ते उभे राहिले की मीही उभं राहायचं. मी पोळी खात असले तरी हातातला घास ठेवून उठायचे. ‘बाई, राष्ट्रगीत!’ असं आतून ओरडायचे मेले. एकदा बाथरूममध्ये दार लोटून स्वतःच्या पायांवर उभं राहून लघवी करून आले आणि बाहेर आल्यावर रडले. मला म्हणाले, ‘बाई, मला बाकी कायबी नको. पलंगावर ते भांडं परत नको, एवढंच बघा.’ मी म्हटलं, ‘माझ्या अंगात जीव आहे तोवर नाही.’ वचन दिलं म्हणा ना.

वर्षभर आमचं कौतुक चाललं. केंद्रात नव्या जोड्या आल्या की नाझनीन आम्हाला बोलवायची. मीही तोऱ्यात असायचे, खोटं कशाला बोलू? अधूनमधून दारांच्या चौकटी मला तिरक्या वाटायच्या. मी म्हटलं, घर जुनं झालं, खचलं असेल.

मग सव्वीस जानेवारी आली. शाळेने मला पाहुणी म्हणून बोलावलं. यांना चाकांच्या खुर्चीतून नेलं. नाझनीनही माजी विद्यार्थिनी म्हणून आली होती. मुली रांगेत उभ्या, मैदानाच्या मधोमध झेंड्याची काठी. मी एक नजर टाकली आणि माझं पित्त खवळलं.

‘काठी कुणी रोवलीय? वाकडी आहे! देशाचा झेंडा असा लावतात? चला, पाचरी काढा!’

शिपायाने मुख्याध्यापिकेकडे पाहिलं. मुख्याध्यापिकाही माझीच विद्यार्थिनी. ती हळूच म्हणाली, ‘बाई म्हणतायत तर करा.’ शिपायाने पाचरी ठोकल्या, मी लांबून हात करत होते, ‘आणखी डावीकडे... आणखी... हां!’ मागे कुणीतरी मुलगी फिसकन हसली. मी शिट्टी फुंकली तशी गप्प झाली. मग सगळं मैदानच गप्प होतं. मला वाटलं, काय दरारा आहे माझा अजून.

झेंडा फडकला. राष्ट्रगीताला हे खुर्चीतून उठले, स्वतःच्या पायांवर उभे राहिले. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. गीत संपल्यावर वर पाहत म्हणाले, ‘आता कशी सरळ झाली बघा काठी!’

सगळ्या मैदानात तेवढ्या एकाच माणसाला माझं पटलं होतं. मला तेव्हाही काही उमगलं नाही.

लोक यांच्याभोवती जमले तशी नाझनीन मला दंडाला धरून पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेली. ‘बाई, शिट्टी द्या,’ म्हणाली. माझ्या गळ्यातली शिट्टी काढून तिने दोरीचं टोक चिमटीत धरलं आणि शिट्टी खाली लटकत सोडली. हलायची थांबली.

‘ही दोरी सरळ आहे का बाई?’

‘सरळ कुठली? उजवीकडे ओढलीय.’ मी इकडेतिकडे पाहिलं. ‘वारा आहे का गं?’

वारा नव्हता. टाकीवरच्या चिंचेचं पानही हलत नव्हतं. मी त्या दोरीकडे पाहत राहिले. दोरी काही खोटं बोलत नाही, एवढं मला कळतं. पी.टी.ची बाई आहे मी.

‘माझा ओळंबा...’

‘हो बाई.’ ती खाली बघत होती. ‘दोघंजण एक खाट उचलतात, त्यातला एक बुटका असला की दुसरा नकळत वाकतो. तसं झालंय. काकांचा मेंदू तुमच्याकडे सरकला आणि तुमचा त्यांच्याकडे. आम्हाला वाटलं होतं की निरोगी मेंदू हलणार नाही. चार-सहा जोड्यांत दिसायला लागलंय. तुमचं मला आज दिसलं.’

‘पुढे?’

‘पुढे दोघंही मधे कुठेतरी भेटाल. त्या कोनात कुणालाच उभं राहता येत नाही. दोन्ही कडी काढायला लागतील. केंद्रात येऊन, दोघांना बसवून, हळूहळू जोर कमी करत. घरी अचानक अजिबात काढायचं नाही, तुमचा तोल आता त्यांच्या डुलण्यावर टेकलाय. लवकर काढलं तर तुमचं कदाचित परत येईल.’

‘आणि यांचं?’

‘काका एकटे उभेच नव्हते बाई कधी. ते तुमच्यावर उभे होते.’

म्हणजे पलंग, आणि पलंगावरचं ते भांडं. मी तिला म्हटलं, ‘यांना एक अक्षर बोलायचं नाही. मला विचार करू दे.’ आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? ‘आणि पोक काढू नकोस, ताठ उभी राहा.’ ती ताठ झाली. मला ती उजवीकडे झुकलेली दिसली.

पूजेत बोट लावलं की अर्धं पुण्य मिळतं, हे आईने सांगितलं होतं. अर्धा रोगही येतो, हे कुठल्या गुरुजींनी सांगितलं नाही. पण खरं सांगते, घरी जाताना मला राग आला नव्हता. मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मी थोडी आणखी वाकडी झाले तर काय बिघडतं? दिवाणखान्यात भिंत धरून चालेन. हे उभे राहतायत ना, बास. आज नाही, उद्या सांगू, असं म्हणत मी दिवस ढकलत राहिले.

पण कंडक्टरला फसवणं सोपं नाही. हे गप्प झाले. चेष्टा बंद. एके दिवशी जेवताना म्हणाले, ‘बाई, ती काठी सगळ्या शाळेला वाकडी दिसली म्हणे.’

‘कुणी सांगितलं?’

‘शिपाई आलता भेटायला. हसत सांगत होता. सगळ्यांना वाकडी दिसली आणि आपल्या दोघांनाच सरळ. असं कसं ओ?’

‘त्यांचे डोळे फुटलेत.’

‘हं,’ म्हणाले. मग आपलं कड्याचं मनगट माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘गाडी कलायला लागली की ड्रायव्हरच्या आधी कंडक्टरला कळतं. तुझं डुलणं दिवसभर माझ्या हातात असतंय. पहिल्यांदा कसं खांबासारखं यायचं! आता भरलेल्या गाडीसारखं येतंय. माझा रोग तुला लागलाय बाई.’

‘काहीतरीच बोलू नका. भात घ्या.’

‘कडं काढूया.’

‘खबरदार! पुन्हा नाव काढाल तर.’

‘मी पलंगावर राहीन. त्यात काय एवढं,’ ते म्हणाले. भांड्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही घेतलं नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं की कडं घरात अचानक काढायचं नसतं. पण ते सांगितलं असतं तर बाकीचं सगळं कबूल करावं लागलं असतं, आणि मग त्यांनी मला दुसऱ्या दिवशीच केंद्रात नेलं असतं. मी ताट उचललं आणि भांडी आपटत घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्याशी उभी होते. दूध वर आलं होतं, पातेलं चिमट्यात धरून उतरवत होते. हे बाहेरच्या खोलीत खुर्चीत होते. त्यांच्या पेल्यावर चमचा वाजला.

टिंग.

मला वाटलं पाणी हवंय. ‘आले हो, थांबा की जरा!’

मग आतल्या आत काहीतरी सुटलं. ते कसं सांगू? उतरताना जिना संपलाय असं समजून पाय टाकावा आणि अजून एक पायरी निघावी, तसं. मनगटावरचं ते हलकं दाबणं, वर्षभर दिवसरात्र सोबत असलेलं, एकदम नाहीसं झालं. ओटा उजवीकडे उठला, फरशी डावीकडून वर आली. पातेलं कुठे गेलं माहीत नाही. डाव्या खुब्यातून एक आवाज आला आणि मी जमिनीवर होते, अंगाखाली गरम दूध.

‘बाई?’ बाहेरून हाक आली. ‘बाई, काय पडलं? बाई!’

मला श्वासच घेता येईना. मग ते ओरडायला लागले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि धाडकन ते पडल्याचा. उठून माझ्याकडे यायला निघाले होते! कडं काढून ठेवलेला माणूस! दोन खोल्यांत आम्ही दोघं पडून होतो, मधे उंबरा. ते दातांनी ओढून कडं परत चांगल्या मनगटात घालायला बघत होते. खटका बसेना. दर वेळी कडं फरशीवर निसटल्याचा आवाज मला ऐकू यायचा, आणि दर वेळी ते म्हणायचे, ‘थांब हां, आलो, थांब हां.’

‘का काढलं हो?’ मी ओरडले. ‘का काढलं?’

‘तू वाचावीस म्हणून गं,’ ते म्हणाले.

शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा दुधावर साय धरली होती.

खुब्यात सळई घातली. हाड जुळलं म्हणे, ओळंबा जुळला नाही. नाझनीनने सगळ्या तपासण्या केल्या. अचानक सुटल्यामुळे माझा मेंदू त्या तिरक्या कोनातच रुतून बसला, या वयात तो परत फिरायचा नाही. तिने जोडकड्याची योजना बंद करवली, बाकीच्या जोड्या हळूहळू सोडवल्या. त्यातल्या कितीतरी बायका परत सरळ झाल्या, नवरे पलंगावर गेले.

मी विचारलं, ‘आम्हाला दोघांना परत जोडलंस तर?’

‘दोघांपैकी एकाचा तरी ओळंबा सरळ असायला हवा बाई.’

मग ती आपल्या मनगटाकडे बघत म्हणाली, ‘माझ्याशी जोडू तुम्हाला? मी तरुण आहे. काही महिनेच. मला नाही काही होणार.’

खोटं सांगणार नाही. क्षणभर मनात हो आलं. उभं राहायचं, मग यांना पलंगावरून उचलायचं, बाथरूमपर्यंत न्यायचं, सगळं क्षणात डोळ्यांपुढे आलं. मग मी तिच्यावर शाळेतल्यासारखी ओरडले, ‘अक्कल आहे का? खो-खोत सुद्धा खो दिल्यावर आपण खाली बसायचं असतं! चल, नीघ इथून.’ ती रडत गेली. दारातून जाताना उजवीकडे झुकलेली दिसत होती. मला आता सगळीच माणसं तशी दिसतात.

आता आम्ही दोघं एकाच खोलीत, दोन पलंग शेजारी. मधे कामाची बाई ये-जा करू शकेल एवढीच जागा. पलंगाखाली दोन भांडी. मी कधी हात लांब करते, त्यांचा चांगला हात माझ्या बाजूला नाही, लुळा आहे. त्याला माझं बोट लागलेलं कळत नाही. तरी लावते.

सकाळी फिजिओथेरपीची मुलगी येते. नवी आहे, तिला माझा इतिहास माहीत नाही. पट्टा बांधते, कामाच्या बाईला एका बाजूने धरायला लावते आणि गोड आवाजात म्हणते, ‘चला आजी, सरळ उभ्या राहा.’

यांच्या पेल्यावर चमचा वाजतो. टिंग-टिंग.

मी उभी राहते. शपथेवर सांगते, मी सरळच उभी राहते. खांदे मागे, हनुवटी वर, सावधान. गळ्यातली शिट्टी मी काढलेली नाही. ती छातीवर टेकत नाही, डावीकडे लांब हवेत लटकते. मला ती तिरकी ओढलेली दिसते आणि मला ठाऊक आहे की तिरकी ती नाही. दोघीजणी दात-ओठ खाऊन मला ढकलत असतात. मला वाटतं, या मला पाडतायत. मी ओरडते, ‘अगं, पाडता काय मला!’

पलंगावरून आवाज येतो, ‘एकदम सरळ आहात बाई. कसली ताठ!’

चेष्टा नसते ती. त्यांना खरंच तसं दिसतं. मी सरळ दिसते असा या जगात एकच माणूस आहे, आणि त्याला उठता येत नाही. मी त्यांच्याकडे बघत उभी राहायचा प्रयत्न करते, जितका वेळ जमेल तितका वेळ. मग पाय जातो, मी डावीकडे मुलीच्या अंगावर येते, ती किंचाळते, कामाची बाई मला धरून पलंगावर आपटते.

आणि पेला वाजतो. एकदाच.